लाल शाईतला शेरा आणि ‘मला काहीच येत नाही’ : नवी पेठेतलं एक प्रकरण

हे प्रकरण २७ वर्षांच्या एका मुलीचं. परभणी जिल्ह्यातलं गाव, कृषी शाखेची पदवी आणि त्यानंतर राज्यसेवेच्या तयारीसाठी पुणे. नवी पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका खाटेपुरतं भाडं भरून राहणं, दोन वेळची मेस, सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत अभ्यासिका. जुन्या पद्धतीने दोनदा मुख्य परीक्षा दिलेली, त्यातल्या एकदा कट ऑफला थोडक्यात अडकलेली. अभ्यासात कच्ची असं तिच्याबद्दल कुणीच म्हणणार नाही. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत आणि हे लिहायला तिची संमती आहे.

तिला तिच्या रूममेटने माझ्याकडे पाठवलं. मी या भागातल्या उमेदवारांची उत्तरं तपासते. मानसशास्त्र शिकलेली असल्यामुळे पेपरापलीकडचं बोलायलाही मुलंमुली येतात. रूममेटचं सांगणं असं, की हिने टेस्ट सिरीजला पैसे भरले, पहिले तीन पेपर लिहिले, ते तपासून हातात आले आणि तेव्हापासून हिने लिहिणंच सोडलं. वाचन मात्र वाढवलं. दिवसाला बारा-तेरा तास, नोट्सवरून पुन्हा नोट्स, आणि रात्री रूमवर आल्यावर एकच पाढा : मी मठ्ठ आहे, माझ्यासारखीने पुण्यात यायलाच नको होतं. जेवण अर्धवट, झोप तुटक.

असं बोलणं कानावर आलं की मी एक प्रश्न आडवळण न घेता विचारते. जगणं नकोसं वाटतं का, स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं का? तिलाही विचारला. ती जरा थांबली आणि म्हणाली, ‘‘नाही ताई, तसं काही नाही. फक्त लाज वाटते.’’ उत्तर ‘हो’ आलं असतं तर मामला उत्तरलेखनाचा राहिलाच नसता, त्याच दिवशी तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं असतं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक २०२२ पासून चोवीस तास सुरू आहे आणि त्यावर मराठीतून बोलता येतं. तो मी तिला तिथेच फोनमध्ये सेव्ह करायला लावला. पेठांमधल्या प्रत्येक अभ्यासिकेच्या दारावर हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लावलेला असायला हवा, असं मला फार वाटतं.

आधी परीक्षेबद्दल

या मुलीचं दुखणं नुसतं स्वभावात शोधून चालणार नाही. राज्यसेवा मुख्य परीक्षेतले सामान्य अध्ययनाचे चारही पेपर पूर्वी बहुपर्यायी होते. वर्णनात्मक पद्धत २०२३ पासून येणार होती. त्यावरून पुण्यात उमेदवार रस्त्यावर उतरले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने ती २०२५ पर्यंत पुढे ढकलली. आता मुख्य परीक्षेत नऊ पेपर आहेत. भाषेचे दोन पात्रतेपुरते. निबंध, सामान्य अध्ययनाचे चार आणि वैकल्पिक विषयाचे दोन, प्रत्येकी २५० गुणांचे, असे १७५० गुण, वर मुलाखतीचे २७५.

गुणांच्या हिशेबापेक्षा माझ्या लेखी दुसरी गोष्ट मोठी आहे. बहुपर्यायी परीक्षेत उमेदवाराचं एकही वाक्य कुणी वाचत नाही. उत्तरतालिका येते, बरोबर-चूक मोजायचं, चुकीचे गुण वजा करायचे, झालं. या मुलीच्या सामान्य अध्ययनाच्या अभ्यासाला इतक्या वर्षांत गुण मिळाले होते, वाचक एकदाही मिळाला नव्हता. आपण लिहिलेलं कुणीतरी वाचतंय आणि समासात त्यावर काही म्हणतंय, हा अनुभव तिला सत्ताविसाव्या वर्षी पहिल्यांदा आला. वर सवय अशी, की चूक म्हणजे कमावलेल्यातून वजाबाकी. त्यामुळे समासातली प्रत्येक लाल खूण तिला आपल्यातून काहीतरी कापून घेतल्यासारखी वाटत होती.

ती उत्तरपत्रिका

पहिल्या भेटीत ती म्हणाली, ‘‘ताई, मला काही येत नाही. सरांनीच लिहिलंय तसं.’’ सरांनी नेमकं काय लिहिलंय, असं विचारल्यावर म्हणाली, ‘‘असंच काहीतरी, की काही येत नाही.’’ शब्द आठवेनात. मी तिला ती उत्तरपत्रिका घेऊन यायला सांगितलं. आणायला तिला बरेच दिवस लागले. आणली तेव्हा ती पिशवीत, वर्तमानपत्रात गुंडाळलेली होती.

प्रश्न १० गुणांचा होता. ‘७३व्या घटनादुरुस्तीनंतरही ग्रामपंचायती आर्थिकदृष्ट्या परावलंबी का राहिल्या? कारणे स्पष्ट करा.’ शब्दमर्यादा १५०. तिच्या उत्तराची सुरुवात बलवंतराय मेहता समिती, १९५७ पासून. मग वसंतराव नाईक समिती, १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात आलेली त्रिस्तरीय रचना, अशोक मेहता समिती, सिंघवी समिती, २४ एप्रिल १९९३ ला घटनादुरुस्तीची अंमलबजावणी, अकरावी अनुसूची, तिच्यातले २९ विषय. सगळं अचूक, एकही सन चुकलेलं नाही. आणि तळाला, जागा संपत आल्यावर बारीक झालेल्या अक्षरात : ‘तथापि घरपट्टी व पाणीपट्टीची वसुली अपुरी असल्याने ग्रामपंचायती शासकीय अनुदानावर अवलंबून आहेत.’

गुण होते अडीच. समासातला शेरा असा : ‘माहिती भरपूर आहे. पण विचारलेल्याचं उत्तर शेवटच्या दोन ओळींत आलं. तिथूनच सुरुवात करायला हवी होती.’

मी तिला तो मोठ्याने वाचायला सांगितलं. तिने वाचला. मग विचारलं, यात ‘काही येत नाही’ कुठे आहे? तिने पुन्हा वाचला, या वेळी मनात. पहिलंच वाक्य ‘माहिती भरपूर आहे’ असं होतं आणि इतके दिवस तिने ते वाचलंच नव्हतं. अडीच हा आकडा दिसला, लाल शाई दिसली, आणि पुढचं वाक्य तिच्या मनाने स्वतःच रचलं. रोज रात्री ती ज्या शेऱ्याने रडत होती तो शेरा कुणी लिहिलेलाच नव्हता.

या प्रकरणातून मला सांगायचंय ते हेच. स्वतःला सतत बोल लावणारा माणूस आपल्या चुकांकडे फार बारकाईने बघत असेल, असं आपण धरून चालतो. पुष्कळदा उलट असतं. ‘मी मठ्ठ आहे’ म्हणून टाकलं की पुढचं वाचायची गरज उरत नाही. उत्तर तळापासून वर न्यायचं, समित्यांच्या पाच ओळी कापायच्या, हे काम अवघड आणि नेमकं आहे, ते टळतं. शिवाय रात्रभर स्वतःला कोसल्यावर आपण काहीतरी केलं, निदान प्रायश्चित्त तरी घेतलं, असं समाधान मिळतं. म्हणूनच तिचं वाचन वाढलं आणि लेखन थांबलं. वाचनात कुणी शेरा मारत नाही.

‘झोडपलं नाही तर ढिली पडेन’

हे तिला पटायला वेळ लागला, कारण तिच्याकडे एक ठाम उत्तर होतं. ‘‘ताई, मी स्वतःला झोडपते म्हणून तर इथवर आले. लाड केले तर ढिली पडेन.’’ पेठांमधल्या खोल्याखोल्यांत हा समज पक्का बसलाय. भिंतीवर चिकटवलेली वाक्यंही त्याच सुरातली असतात : झोप कमी कर, लाज वाटू दे, आईबापांचे कष्ट आठव. शेतकरी घरातून महिन्याचे पैसे मागवणाऱ्या मुलीला हा समज उडवून लावण्यासारखा वाटत नाही, आणि तो तसा उडवू नये असंच मला वाटतं. त्यामागे घरच्यांबद्दलची खरी माया असते.

तरी मी तिला तिच्याच हिशेबावर आणलं. स्वतःला झोडपायला लागल्यापासून किती उत्तरं लिहिलीस? एकही नाही. त्याआधी? तीन पेपर. मग ढिलं कशाने पडलं?

याबाबत अभ्यासही झालेले आहेत. १९९६ साली क्लुगर आणि डेनिसी या अभ्यासकांनी प्रतिसादाचा, म्हणजे फीडबॅकचा, कामगिरीवर काय परिणाम होतो, याचे शेकडो निष्कर्ष एकत्र करून पाहिले. सरासरी कामगिरी सुधारलेली दिसली, पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा प्रतिसादानंतर ती घसरली होती. त्यांचं म्हणणं असं, की लक्ष कामावरून उठून ‘मी कसा आहे’ याकडे गेलं की प्रतिसादाचा जोर कमी होतो. २०१२ मध्ये ब्राइन्स आणि चेन यांनी बर्कलेतल्या विद्यार्थ्यांना आधी एक कठीण शब्दचाचणी दिली आणि नंतर काहींना स्वतःच्या अपयशाकडे समजुतीने बघायला सांगितलं. पुढच्या चाचणीसाठी त्यांनी बाकीच्यांपेक्षा जास्त वेळ अभ्यास केला. समजूत घातली म्हणून कुणी ढिलं पडलं नाही. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचाही मोठा भर यावरच आहे, की मोजमाप कृतीचं करा, अख्ख्या माणसाचं नको. हे उत्तर कमी पडलं, हे खरं. त्यावरून मी कमी पडले, असं म्हणायला आधार लागतो आणि एका अडीच गुणांत तो मावत नाही.

यातलं सगळं मी तिला एका बैठकीत ऐकवलं नाही. प्रयोगांपेक्षा तिला तिचा स्वतःचा हिशेबच जास्त लागला.

काय केलं

गुण झाकले. तिचे पेपर तपासणाऱ्या सरांशी तिच्या परवानगीने बोलले आणि काही काळ गुण वेगळ्या चिठ्ठीवर लिहून बंद पाकिटात द्यायची विनंती केली. ते लगेच हो म्हणाले. त्यामागे रूथ बटलर यांचा १९८८ चा इस्रायलमधल्या शाळकरी मुलांवरचा प्रयोग होता. नुसते शेरे मिळालेली मुलं सुधारली, आणि शेऱ्यासोबत गुणही मिळालेल्यांना शेऱ्याचा फारसा उपयोग झाला नाही. आकडा दिसला की डोळे तिथेच अडकतात. पाकीट तिने पुनर्लेखन झाल्यावर उघडायचं, असं ठरलं.

मग एक दोनशेपानी वही. डाव्या पानावर शेरा जसाच्या तसा उतरवायचा, अक्षरशः, आपल्या शब्दांत नाही. हा नियम मी फार कडक ठेवला, कारण तिची सगळी गडबड ‘आपल्या शब्दांत’ होत होती. उजव्या पानावर एकच ओळ : पुढच्या उत्तरात हाताने काय करणार. ‘मुद्देसूद लिहीन’, ‘सुधारणा करीन’ असली वाक्यं मी खोडून परत देत असे. ‘पहिल्या दोन ओळींत थेट कारण लिहीन’ चालेल. ‘समितीचं नाव प्रश्नात मागितलं असेल तरच’ हेही चालेल. ज्या शेऱ्यासमोर उजवीकडे काहीच लिहिता येत नाही, तो तसाच सोडायचा आणि त्यावर आमच्या बैठकीत बोलायचं.

आणि तेच उत्तर दोन दिवसांच्या आत पुन्हा लिहायचं.

ग्रामपंचायतीचं ते उत्तर तिने माझ्यासमोर बसून लिहिलं. आधी म्हणाली, कारणं तेवढीच माहितीयेत, वसुली होत नाही एवढंच. मी विचारलं, तुमच्या गावात का होत नाही? त्यावर ती एकदम मोकळी बोलायला लागली. तिची चुलती एक टर्म ग्रामपंचायत सदस्य होती. घरपट्टी थकवणारेच भाऊबंद आणि तेच मतदार, मग नोटीस कोण काढणार? पाणीपट्टी मागायला गेलं तर लोक म्हणतात, आधी पाणी तर रोज सोडा. राज्य वित्त आयोगाच्या शिफारशी रखडतात आणि पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधील होता, हे तिने वाचलेलं होतं. ते आता चुलतीच्या अनुभवाशेजारी येऊन बसलं. नव्या उत्तराची पहिली ओळ अशी आली : ‘कर लावण्याचा अधिकार ज्यांच्याकडे आहे त्यांना तो स्वतःच्या मतदारांवरच वापरावा लागतो, हे ग्रामपंचायतींच्या परावलंबित्वाचे मूळ कारण आहे.’ समित्या पूर्ण गेल्या. सनांपैकी एक राहिलं.

मला ते वाचून अतिशय आनंद झाला आणि मी तो तिला सांगितलाही. ही ओळ तिच्या नोट्समध्ये कुठेच नव्हती. स्वतःला मठ्ठ म्हणता म्हणता तिने आपल्याच गावाची माहिती परीक्षेबाहेरची म्हणून बाजूला टाकली होती.

प्रत्येक शेरा शिरसावंद्य नसतो

वही भरू लागली तशी दुसरी अडचण आली. आधी शेरे वाचत नव्हती, आता प्रत्येक शेरा पाळायला लागली. एका तपासणाऱ्याने तीन-चार ठिकाणी ‘आकृती हवी’ लिहिलं, म्हणून तिने नीतिशास्त्राच्या उत्तरातही चौकोन आणि बाण काढले. दुसऱ्याने त्यावर ‘अनावश्यक आकृती’ असा शेरा दिला. ती पुन्हा गडबडली. ‘‘मी काय केलं तरी चुकतंच.’’

‘निंदकाचे घर असावे शेजारी’ ही म्हण आपण सगळे ऐकतो. घर शेजारी असावं एवढंच तिच्यात आहे, त्याच्या हाती आपल्या घराची किल्ली द्यायला ती सांगत नाही. शेरा स्वीकारायचा की नाही, हा निर्णय उमेदवाराचाच आहे. तो घेता येणं मला शेरा पचवण्याइतकंच महत्त्वाचं वाटतं. आम्ही कसोटी प्रश्नपत्रिकेचीच ठेवली : प्रश्नाने जे मागितलंय ते द्यायला या सूचनेची मदत होते का? ग्रामपंचायतीचा पैसा कुठून कुठे जातो, यासाठी आकृती कामाची. ‘अधिकाऱ्याने या प्रसंगी काय करावे’ यासाठी नाही. एकच गोष्ट दोन वेगळ्या तपासणाऱ्यांनी वेगवेगळ्या पेपरांत सांगितली तर ती बहुधा खरी. एकाने एकदाच सांगितली आणि पटत नसेल, तर वहीत राहू द्यायची, अमलात आणायची घाई नाही. डावीकडे शेरा आणि उजवीकडे ‘विचार केला, पटला नाही’ असं तिने पहिल्यांदा लिहिलं, तेव्हा पेन बराच वेळ पानावर धरून ठेवला होता.

घरचं

काका एका लग्नात सगळ्यांदेखत म्हणाले होते, ‘‘अजून किती वर्षं? आता बास की.’’ तिने तेही वहीत उतरवून आणलं. उजवं पान रिकामं. त्या वाक्याने तिच्या उत्तरलेखनाबद्दल काहीच सांगितलेलं नव्हतं, म्हणून वहीत त्याचं काम नव्हतं. पण ते नुसतं टोचणं म्हणून फेकूनही देता येत नाही. खुल्या प्रवर्गाला वयोमर्यादा ३८, मागास प्रवर्गाला ४३. म्हणजे आयोग थांबवत नाही तोवर माणूस वर्षानुवर्षं थांबू शकतो, आणि कधी थांबायचं हे ठरवायला कुणी मदत करत नाही. काकांच्या बोलण्यातला अपमान बाजूला केल्यावर मागे वयाचा आणि पैशाचा खरा प्रश्न उरत होता. तो तिने काकांशी न बोलता वडिलांशी बोलावा, असं मी सुचवलं. ती गावी जाऊन आली. किती प्रयत्न आणि त्यानंतर काय, हे बापलेकीने बसून ठरवलं. वडिलांनी तिला एकही बोल लावला नाही. तिच्या मनात मात्र ते कधीचे बोल लावतच होते.

मध्ये ती एकदा घसरली. टेस्ट सिरीजच्या ग्रुपवर क्रमवारीची यादी पडली, तिचं नाव बरंच खाली होतं आणि तिने पुन्हा पेपर द्यायचं टाळलं. या वेळी थांबणं महिन्यांचं झालं नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी ती स्वतःहून वही घेऊन आली आणि म्हणाली, ‘‘यादीत शेरा नाहीये, त्यामुळे डाव्या पानावर लिहायला काही सापडलं नाही.’’ तेव्हा आम्ही क्रमवारी वहीत घ्यायची नाही, असं ठरवलं. रात्रीचा तो पाढा अजूनही कधीकधी येतो. येतो तेव्हा ती उठून बसते, त्या दिवसाचा शेरा काढून शब्दशः वाचते आणि बहुतेक वेळा झोपी जाते.

गुणांचं म्हणाल तर पाकिटं उघडल्यावर १० गुणांच्या प्रश्नाला ती आता चार-साडेचारच्या आसपास असते, निबंधात अजून मागे आहे. निबंधासाठी दर रविवारी एक, असा क्रम लावलाय. परवा एका निबंधावर ‘मांडणी अपुरी’ एवढाच शेरा आला. पूर्वी या दोन शब्दांवर तिची रात्र गेली असती. तिने वर्ग सुटल्यावर सरांना गाठून विचारलं, ‘‘सर, अपुरी म्हणजे नेमकी कुठे? उदाहरणं कमी पडली, की दुसरी बाजू आली नाही?’’ सरांनी निबंध पुन्हा हातात घेतला, उभ्याउभ्याच चाळला आणि म्हणाले, दुसरी बाजू. शहराकडून लिहिलंयस, खेड्याकडूनही लिही.